उडालं तर टेबल, पडलं तर चूल

"ह्या मोटारींना कटआउट नको, आत्याबाई. सरळ बॅटरीवर चालवायच्या."

माझी सून पद्मजा हे बोलली तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून एका ट्रॅक्टरच्या बॅटरीत पाणी भरत होते. झारी तशीच हातात राहिली. मिरजेच्या स्टँडमागं आमचं बॅटरीचं दुकान. माझे मालक होते तोवर त्यांनी चालवलं, ते गेल्यावर मी. मी चौथी पास, पण ठिणगीचा रंग बघून सांगायची की बॅटरी किती दिवस काढेल. लांब कर्नाटकातनं ट्रकवाले यायचे, "आक्कांना दाखवा" म्हणायचे. आणि आता मला बॅटरीचं सून शिकवणार.

"कटआउट नको म्हणजे?" मी म्हटलं. "बैलाला वेसण नको, असं म्हण की."

"आक्का, तिचं ऐकून तर घे," आतून माझा मुलगा जयवंत बोलला.

"तू गप. बायको बोलतीय ना? तिला तोंड आहे."

आत टेबलावर त्याचं विमान होतं. पिवळं, पेट्रोलवर चालणारं, पंख बाजेएवढे लांब. माणूस बसायचं नव्हे, रिमोटवर उडवायचं. मी त्याला खेळणं म्हणायची आणि जयवंतला राग यायचा. आठ महिने नवराबायकोनं मिळून ते बांधलं होतं. लाकूडकाम त्याचं, विजेचं काम तिचं. पद्मा गडहिंग्लजची, पॉलिटेक्निक झालेली. लग्न ठरवताना मी तिच्या मामाला म्हटलं होतं, "शिकलेली आहे ते बरंय, पण पोळी गोल येते का?" मामा हसला होता. पद्मा हसली नव्हती.

विमानाच्या पोटात आणि पंखांत सहा लहान मोटारी बसवलेल्या. त्यांना सर्वो म्हणतात. काडेपेटीएवढी एकेक. खालून रिमोटची दांडी हलवली की कुठली शेपूट वळवते, कुठली पंखाची फळी वर-खाली करते, एक इंजिनाचा वेग कमी-जास्त करते. विमान उडतं इंजिनावर, पण सांगितलेलं ऐकतं ते ह्या मोटारींमुळं. त्यांची वीज गेली की ते बहिरं. मग ते कुठंही जाणार, आणि जाऊन जाऊन जमिनीवरच येणार.

जयवंतच्या आधीच्या विमानांत बॅटरी आणि सर्वो यांच्यामध्ये एक डबी असायची, व्होल्ट कमी करणारी. जुन्या जीपला डायनॅमोजवळ कटआउट असायचा, तशातली गोष्ट. म्हणून मी तिला कटआउटच म्हणायची. ह्या वेळी पद्मानं नव्या जातीचे सर्वो मागवले होते, जास्त व्होल्ट सोसणारे, आणि ती डबी काढून खुंटीला अडकवून टाकली होती.

ती माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. "जुन्यांना सहाच्या वर चालत नव्हतं, आत्याबाई. ही बॅटरी भरली की आठाच्या वर जाते. म्हणून मध्ये डबी लागायची. हे नवे सर्वो तेवढे पूर्ण घेतात. त्याच्यासाठीच केलेत. उलट डबी घातली तर तीच अडचण. हवेत विमानानं झोकांडी घेतली की सगळ्या मोटारी एकदम ओढ घेतात. एवढा करंट त्या डबीतनं येत नाही. टाकी भरलेली आहे, पण नळ बारीक."

"आणि मोटारी जळल्या तर?"

"नाही जळणार."

"कागदावर लिहिलंय म्हणून?"

"कागदावर लिहिलंय, आणि मी महिनाभर इथं टेबलावर चालवून बघितलंय."

हे 'इथं टेबलावर' मला झोंबलं. खरं भांडण तेच होतं. टेबल मालकांचं. सागवानी, ॲसिडचे डाग पडलेलं, खिडकीखालचं. मालक गेल्यावर त्यावर मी बसायची. मग पद्माचा सोल्डरचा दांडा आला, मग मीटर, मग डब्या, आणि एक दिवस बघते तर मी पायरीवर. सकाळी दहा वाजले की ती टेबलावर आणि मी चुलीशी. चूल म्हणजे गॅसच, पण आमच्यात चूलच म्हणतात. सुनेच्या हातचं खायचं वय माझं, आणि मी तिला डबा भरून देतेय. कुणाला सांगायची चोरी.

त्यातच कॉलेजचे शहापुरे सर दसऱ्याला विमान बघायला येणार होते. त्यांच्याकडची मुलं असली विमानं करायची आणि आठवड्याला एक पाडायची. त्यांना वायरिंग शिकवणारं कुणीतरी हवं होतं. जयवंतनं सांगून टाकलं होतं, "माझी मिसेस शिकवेल, आमच्या दुकानातच." म्हणजे आता टेबल कायमचंच गेलं.

मी झारी खाली ठेवली आणि बोलून गेले. माझी जीभ तशीच आहे. लहानपणापासून विळीवर घासलेली.

"बरं. तुझ्या मनासारखं कर. दसऱ्याला उडव. उडालं तर टेबल तुझं, मी परत त्याच्याकडं बघणार नाही. पडलं तर चूल तुझी, आणि तू टेबलाकडं बघायचं नाहीस."

जयवंत बाहेर आला. "आक्का, हे काय बोलणं झालं?"

पद्मा उठली. हात पदराला पुसले. "चालेल," म्हणाली.

"अगं पण..."

"चालेल म्हटलं ना. त्यांनी आज तोंडानं सांगितलं एवढंच. मनात तर रोजच आहे."

तिच्यात मला तीच गोष्ट आवडायची आणि तीच खुपायची. वाकायची नाही.

*

हे अष्टमीला झालं. त्याच दुपारी तिनं बॅटऱ्या भरून ठेवल्या, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. नवमीला आमच्यात हत्यार उचलत नाहीत. पक्कडसुद्धा नाही. सगळी अवजारं धुऊन, पुसून पाटावर मांडायची, पूजा करायची आणि दसऱ्याला नैवेद्य दाखवल्यावरच उचलायची. दीड दिवस लोखंडाला विसावा. मालक म्हणायचे, वर्षभर आपण त्याला मारतो, दीड दिवस हात जोडावे.

पूजा मालकांच्या मागं मीच करते. पाने, पक्कड, ॲसिड मोजायची काचेची नळी, चार्जर. विमान पाटावर मावेना म्हणून त्याच्याखाली सतरंजी घातली. पंख्याला झेंडूची माळ. जयवंतनं विमानाची लहान बॅटरी आणून माझ्यापुढं ठेवली. निळ्या वेष्टनातली, साबणाच्या वडीएवढी.

"हिला पण लाव आक्का. सगळं हिच्यावरच आहे."

"मला शिकवू नको. बॅटरीला कुंकू कुठं लावायचं ते तुझ्या बापानं मला दाखवलंय."

आमची रीत आहे, बॅटरीला कुंकू तिच्या दोन्ही टोकांना लावायचं, अधिकच्या आणि वजाच्या. जिथून वीज बाहेर येते तिथं. नुसतं पोटावर लावलं तर ते देवाला पोचत नाही, असं मालक म्हणायचे. मी ओलं कुंकू कालवलं आणि त्या बॅटरीलाही रीतीप्रमाणं लावलं.

आणि खरं सांगते, हात जोडताना मी मनात म्हटलं, उडू दे बाई. पोरीनं महिनाभर डोळे फोडलेत. माझं टेबल गेलं तर जाऊ दे. माझ्या मनात असलं कधीमधी यायचं. तोंडापर्यंत मात्र यायचं नाही.

दसऱ्याला सकाळपासून पद्माला मी स्वयंपाकघरातून हलू दिलं नाही. श्रीखंड, पुरी, नैवेद्य. "अजून टेबल तुझं झालेलं नाही," असं दोनदा ऐकवलं. ती पुऱ्या तळत राहिली. दुपारी नैवेद्य झाल्यावर जयवंतनंच पाटावरचं सामान उचललं, फडक्यानं पुसलं, विमान टेंपोत चढवलं.

"एकदा सगळं तपासून घ्यायचं होतं मला," पद्मा म्हणाली.

"माळावर तपास. सर येऊन थांबलेत, त्यांचा फोन आलाय," जयवंत म्हणाला.

बेडगच्या वाटेवर एक मोठा माळ आहे. पलीकडं दगडाची बंद खाण. शहापुरे सर आणि त्यांची पाच-सहा मुलं उन्हात उभी होती. जयवंतनं पंख जोडले, बॅटरी आत ठेवली, प्लग लावला. पद्मानं मीटर धरला. "आठ पॉइंट तीन," म्हणाली. रिमोटच्या दांड्या एकेक करून हलवल्या. शेपूट हललं. पंखाच्या फळ्या हलल्या. सगळं झ्यॅक.

"मॅडम, मध्ये रेग्युलेटर नाही?" सरांनी विचारलं. रेग्युलेटर म्हणजे तीच डबी.

"नाही सर. सरळ."

"धाडस आहे."

"धाडस नाही सर, हिशोब आहे," पद्मा म्हणाली. मी टेंपोच्या सावलीत स्टुलावर बसून ऐकत होते. मनात म्हटलं, जीभ माझ्याकडनं घेतली वाटतं.

विमान पळालं आणि उचललं. काय सांगू. पिवळं पाखरू उन्हात चढावं तसं. दोन मोठ्या फेऱ्या झाल्या. मुलं ओरडायला लागली. जयवंत मान वर करून हसत होता आणि पद्मा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिच्या ओठांवर मोजणी चालली होती, सेकंदांची की कशाची कोण जाणे.

"आता गोल काढतो," जयवंत म्हणाला.

विमान सरळ वर गेलं, पाठीवर वळलं, नाक खाली करून यायला लागलं. आता ते वर उचलायचं. जयवंतनं दांडी ओढली.

"घेत नाही," तो म्हणाला.

"ओढा अजून!"

"अगं घेत नाही! इंजिन पण कमी होईना! काहीच ऐकत नाही!"

इंजिन मोठ्यानं चालूच होतं. ते तसंच, नाक खाली करून, खाणीच्या कडेला दगडांच्या ढिगावर गेलं. आवाज आधी आला नाही. आधी धूळ दिसली.

शहापुरे सर म्हणाले, "पाहिजेच होता हो मध्ये रेग्युलेटर."

एवढंच. पण जयवंतनं पद्माकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसतं बघून खाली बसला.

*

तुकडे गोळा केले. बॅटरी तेवढी धड होती, एक कोपरा चेपलेला. पद्मानं ती प्लगमधून ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. "धरा. जपून." स्वतः वायरिंगचा गुंता उचलला, आठ महिन्यांचा, आणि पोटाशी धरून टेंपोच्या मागच्या फळीवर बसली. जयवंत पुढं, गाडी चालवायला. मी त्याच्या शेजारी. मांडीवर बॅटरी.

वाटेत मी ती उलटीसुलटी करत होते. सवय. चाळीस वर्षांत माझ्या मांडीवर नातेवाइकांच्या पोरांपेक्षा बॅटऱ्याच जास्त बसल्या. हिचा प्लग पिवळा, त्याला दोन बारीक भोकं. त्यांत विमानाच्या वायरीच्या दोन सोनेरी पिना जायच्या. मी ते तोंड उजेडात धरलं.

आत लाल होतं.

दोन्ही भोकांत वाळून खपली धरलेलं कुंकू. मीच घातलेलं. नवमीला बोट आत जाईना म्हणून उदबत्तीची काडी घेतली होती आणि काडीनं आत नीट भरलं होतं, दोन्ही टोकांना, रीतीप्रमाणं. जास्तच भरलं होतं. उडू दे म्हणून.

आता हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. महिन्यातनं दहा गिऱ्हाइकं यायची, "आक्का, बॅटरी फुल्ल आहे, दिवा लागतो, हॉर्न वाजतो, पण सेल्फ मारला की सगळं बसतं." मी विचारायचीच नाही. बॅटरीच्या टोकाची बुरशी खरवडायची, गरम पाणी ओतायचं, वायर आवळायची, की गाडी चालू. टोकावर मळ असला तर थोडी वीज जाते, जास्त मागितली की जात नाही. मीटरला काय, तो थेंबभर पितो आणि फुल्ल म्हणतो. जमिनीवर एकेक मोटार हलली, तेव्हा भागलं. वर हवेत सहाही मोटारींनी एकदम ओढ घेतली आणि माझ्या कुंकवानं वाट अडवली.

पोरीचा हिशोब बरोबर होता. डबी नको ते बरोबर, सरळ वीज बरोबर, सगळं बरोबर.

मी जयवंतकडं बघितलं. त्याचे डोळे रस्त्यावर होते. "आक्का, तू म्हणाली होतीस," तो हळू आवाजात म्हणाला. "मी ऐकलं नाही तुझं."

तिथं बोलायचं होतं. वाक्य सोपं होतं. लहान पोरगंही बोललं असतं.

मी अंबाड्यातला आकडा काढला. पदराखाली बॅटरी घेतली आणि घर येईपर्यंत दोन्ही भोकं खरवडून काढली. पदराच्या टोकानं पुसली. मग फुंकर मारली.

घरी पोचल्यावर पद्मानं तोंडही धुतलं नाही. सगळा गुंता टेबलावर पसरला. "आत्याबाई, बॅटरी द्या."

दिली.

तिनं जोडलं आणि सहाच्या सहा सर्वो हलायला लागले. एकही जळला नव्हता. तिनं ते हातानं दाबून धरले, त्यांनी हाताला ओढ दिली. एकदम सगळे हलवून बघितले. दहा वेळा, वीस वेळा. मीटरचा काटा जागचा हलला नाही.

"सगळं चालतंय," ती म्हणाली. "मग पडलं कशानं?"

"सरळ वीज दिल्यानं," जयवंत म्हणाला. "दुसरं काय राहिलं?"

ती त्या वायरी धरून बराच वेळ बसली. माझ्याकडं एकदा बघितलं. मी दारात उभी होते. मग तिनं सोल्डरचा दांडा थंड व्हायला ठेवला, मीटर पेटीत घातला, टेबल पुसलं आणि आत गेली. थोड्या वेळानं परातीत पीठ पडल्याचा आवाज आला.

शब्द शब्दच असतो, असं मी दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

*

वर्षभर मी टेबलावर बसले. खिडकीतनं ऊन यायचं. गिऱ्हाइकं म्हणायची, आक्का परत आल्या. मला काही सुधरायचं नाही. हातात पाना घेतला की आतनं लाटण्याचा आवाज यायचा. एकसारखा. न थांबणारा. पद्मा बोलायला कमी झाली होती असं नाही. भाजी कुठली, दूध आलं का, गॅस कधी संपला, सगळं बोलायची. आणि पोळी गोल यायची. इतकी गोल की मला घास उतरायचा नाही. शहापुरे सरांचा दोनदा फोन आला, ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार होते. जयवंतनं नवीन विमान करायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं. एकट्यानं काय करणार?

मी दमले होते. कामानं नव्हे. माणूस एखादं ओझं डोक्यावर घेतं आणि उतरवायला कुणाचा हात मागायचा नाही असं ठरवतं, तसली ती दमणूक.

परत खंडेनवमी आली. पद्मानं पाट मांडला, अवजारं धुऊन आणली. जुन्या विमानाच्या दोन-तीन लहान बॅटऱ्या पेटीत पडून होत्या, त्याही पुसून ओळीनं ठेवल्या. मी कुंकू कालवून बसले. बघते तर प्रत्येक बॅटरीच्या प्लगच्या तोंडाला चिकटपट्टी. दोनदा गुंडाळून, कात्रीनं नीट कापलेली.

"हे काय गं?"

"कुंकू वरनं लावा, आत्याबाई," ती निरांजनात वात घालत म्हणाली. "आत जाऊ देऊ नका."

माझा हात तबकातच राहिला.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. टेबलावर."

"मी तर पुसून..."

"तुम्ही बॅटरीचं तोंड पुसलंत," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "प्लगला दोन तोंडं असतात. दुसरं माझ्याकडं होतं, वायरींबरोबर. पिना लाल होत्या."

चाळीस वर्षं. ट्रकवाले कर्नाटकातनं यायचे. आणि मी एकच बाजू पुसली होती.

"मग बोलली का नाहीस? तेव्हाच तोंडावर फेकायचं होतंस!"

"म्हटलं, तुम्ही बोलाल. त्या दिवशी वाटलं, उद्या बोलाल. मग वाटलं, दिवाळीला बोलाल." तिनं वात सरळ केली. "मग मी पोळ्या करत राहिले."

मला राग आला. तिचाच आला, खोटं कशाला बोलू. वर्षभर मला बघत होती ती, टेबलावर बसलेली, आणि रोज ताट वाढत होती. असली शिक्षा मी माझ्या वैऱ्याला दिली नसती.

"जा," मी म्हटलं. "दसऱ्यापासनं टेबलावर बस."

"कशी बसू? ठरलं होतं ना, पडलं तर चूल. ह्यांना काय सांगू, चुलीपासनं कशामुळं उठले?"

तिनं मागितलं ते एवढंच होतं. माफी नाही, रडणं नाही. मी अंगणाकडं तोंड केलं.

"जयवंत! इकडं ये."

तो झेंडूची फुलं ओवत होता, माळ हातात घेऊनच आला.

"ते विमान हिच्या वायरिंगनं पडलं नाही," मी म्हटलं. जीभ एवढी जड मला कधी लागली नव्हती. "माझ्या कुंकवानं पडलं. मी प्लगमध्ये भरलं होतं. टेंपोत मला दिसलं, आणि मी आकड्यानं खरवडून टाकलं. तुझ्या शेजारी बसून."

तो माझ्याकडं बघत राहिला, मग पद्माकडं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर मीही ओरडले असते, भांडण झालं असतं, जेवणापर्यंत मिटलं असतं.

"वर्ष झालं, आक्का," तो म्हणाला. माळ पाटावर ठेवली आणि गेला.

दसऱ्याला नैवेद्य झाल्यावर मी पहिल्यांदा पाटावरनं पद्माचा सोल्डरचा दांडा उचलला आणि टेबलावर नेऊन ठेवला. मग आत गेले. परात घेतली. ती मागोमाग आली.

"आत्याबाई, मी करते."

"सर बाजूला. पडलं ते माझ्यामुळं. मग चूल कुणाची?"

तिनं खोचलेला पदर सोडला. मग टेबलावर गेली.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. अर्धं सोडलेलं विमान पुरं झालं, उडालं, डबीशिवाय उडालं. त्यानंतर किती झाली, मी मोजली नाहीत. कॉलेजची मुलं अजून येतात, टेबलाभोवती गर्दी करतात, आणि त्यांना पोळी मीच वाढते. हात दुखतात. पोळी आता गोल येत नाही. बाई ठेवू या, असं पद्मा दर उन्हाळ्यात म्हणते. मी म्हणते, बघू.

नवमीला ती बॅटऱ्या पुसून, पट्ट्या लावून माझ्यापुढं मांडते. मी कुंकू वरनं लावते, पोटावर. देवाला पोचत असेल तर पोचो. आणि दसऱ्याला, उचलायच्या आधी, ती एकेकीची पट्टी सोडवते, प्लग उजेडाकडं धरते आणि आत बघते. माझ्यादेखत. घाई करत नाही. एकही सोडत नाही.

मी पाटाशी बसून असते. सगळ्या बघून होईपर्यंत उठत नाही.